डॉक्टरांकडचं आवतण

डॉक्टर खांडवालांनी दवाखान्याच्या दाराशी बोर्ड लावला तो दिवाळीच्या आधी. आता संक्रांत आली तरी एकही बाई त्या बोर्डाच्या वाटेला गेली नव्हती. बहिणींनी काही दुखत-खुपत नसलं तरी वर्षातून एकदा आतली तपासणी करून घ्यावी, असं त्यावर गुजरातीत, हिंदीत आणि जरा लंगड्या मराठीत लिहिलं होतं. सुरतेच्या डिंडोलीतल्या त्या अख्ख्या गल्लीनं बोर्ड वाचला, तोंडाला पदर लावून हसून घेतलं आणि आपापल्या घरी साड्यांचे धागे कापायला निघून गेली. काही होत नसताना डॉक्टरकडे जायचं म्हणजे पोट भरलेलं असताना खाणावळीत जाऊन बसायचं, असा तिथला सरळ हिशेब होता.

खांडवाला हे त्या गल्लीचे घरचे डॉक्टर. खानदेशातली माणसं लूमवर, यंत्रमागावर, कामाला येऊन या भागात वसायला लागली तेव्हा डॉक्टरांचे केस काळे होते. आता त्यांनी तपासलेली पोरं आपली पोरं घेऊन त्यांच्याकडे येत. ताप, जुलाब, कानात बसलेला लूमचा आवाज, नवरा-बायकोची भांडणं, सगळ्यावर त्यांच्याकडे इलाज असे. माणूस अस्सल सुरती. नाडी बघता बघता काल काय जेवलात हे विचारणार, आणि उत्तर मनासारखं आलं नाही तर औषधाआधी खाण्याचाच सल्ला देणार.

अलीकडे मात्र त्यांनी एक नवीनच भुणभुण लावली होती.

"बेन, खोकला तो ठीक छे," ते म्हणत. "पण आतलं शेवटचं कधी दाखवलं?"

"माले काय व्हयनं आतलं दाखवाले?" समोरची बाई म्हणे.

"काय झालं नाय तेव्हाच दाखवायचं ने! लूमला ऑइल कधी टाकते? चालू असते तेव्हा. बंद पडल्यावर शुं टाकवानुं?"

लूमचं आणि तेलाचं हे भाषण सखुबाईला तोंडपाठ झालं होतं, कारण नवरात्रापासून ती सारखी दवाखान्यात येत होती. गुडघा दुखतो म्हणून. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, तेल दिलं, पट्टा दिला. गुडघा बिचारा अगदी निर्दोष होता. त्याला काहीही झालेलं नव्हतं, आणि तरी सगळा मार तोच खात होता.

झालं होतं ते वेगळंच. बाईपणाचं जे चक्र असतं ते सखुबाईचं कधीच थांबलं होतं. नवरा गेला त्याच्या पुढेमागे ते थांबलं आणि सुटलो एकदाचे म्हणून तिनं त्यावर पाणी सोडलं होतं. ते नवरात्रात अचानक पुन्हा दिसलं. थोडंसंच, पण दिसलं. मग अधूनमधून दिसतच राहिलं. गावाकडे तिच्या जेठाणीला, थोरल्या जावेला, असंच झालं होतं. जेठाणीनं तोंडातून चकार शब्द काढला नाही, आणि शेवटी धुळ्याला नेली तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी हात टेकले. सखुबाईनं शेवटचा महिनाभर तिची सेवा केली होती. त्यामुळे आपल्याला काय झालेलं असू शकतं हे तिला चांगलं ठाऊक होतं, आणि ठाऊक होतं म्हणूनच तिची जीभ उचलत नव्हती.

सांगायचं तरी कुणाला? मुलगा लखन इच्छापोरला कारखान्यात, त्याला आई असलं काय सांगणार! सून योगिता गुणाची होती, पण सुनेला सांगायचं म्हणजे, या वयात तुम्हाला हे काय, असं तिच्या डोळ्यात वाचायचं. राहता राहिले डॉक्टर. दर वेळी सखुबाई घरून ठरवून निघे, की आज सांगायचंच. दवाखान्याच्या बाकावर बसली की ते शब्द घशाशी येत. आणि डॉक्टरांनी "बोला बेन" म्हटलं की तोंडातून बाहेर पडे, "गुडघा."

असाच एक दिवस ती गुडघा घेऊन बसली असताना प्रमिलाबाई नातवाच्या सर्दीसाठी आली. प्रमिलाबाई ही गल्लीची न निवडलेली सरपंच. बारसं असो, साखरपुडा असो, कानबाईचा रोट असो, तिच्याशिवाय पान हलायचं नाही. घरात नवरा, दोन मुलगे, सुना, कपाळावर रुपयाएवढं कुंकू आणि आवाज असा की दोन गल्ल्यांपलीकडचा भाजीवाला थांबावा.

डॉक्टरांनी तिला सवयीप्रमाणे लूमचं भाषण सुरू केलं. ती मध्येच म्हणाली, "डॉक्टरसाहेब, बोर्ड देखीसन कोन येस? आमनाकडे बाई आवतन दिधाबिगर शेजारना घरमा बी जात नही."

"आवतन एटले?"

"आवतन म्हंजे घरोघर जाईसन बोलावनं. कुंकू लावनं, ये म्हननं. मंग बाई येस."

डॉक्टरांनी चष्मा काढला. इतके महिने बोर्डावर फुकट रंग घालवला असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. "तो आपो ने आवतन!" ते उठूनच उभे राहिले. "रविवारी सवारे. माझी ओळखवाली लेडी डॉक्टर आहे, उज्ज्वलाबेन, तुमच्या धुळ्याची. ती मशीन घेऊन येईल. आणि नाश्ता मारा तरफथी. पोंकवडा!"

हिवाळ्यात हिरव्या ज्वारीचा पोंक, म्हणजे हुरडा, आला की सुरती माणसाला कुठलाही समारंभ पोंकवड्याशिवाय पुरा वाटत नाही, मग ती तपासणी का असेना.

बाकावर बसलेल्या सखुबाईच्या मनात तेव्हा जे झालं ते आनंदाशिवाय दुसरं काही नव्हतं. सगळ्या गल्लीतल्या बाया जाणार. मग त्या गर्दीत आपणही जायचं. तू का गेलीस, असं कोण कुणाला विचारणार? सगळ्या गेल्या म्हणून गेले. लेडी डॉक्टर, ती पण आपल्या मुलखातली. तिनं आपण होऊनच तपासलं तर तोंड उघडावंही लागणार नाही. देवानं वाट काढली म्हणायची. त्या दिवशी डॉक्टरांनी गुडघ्याचं विचारलं तेव्हा तिनं बरं वाटतंय असं सांगून त्यांनाही खूश केलं.

घरी आल्यावर तिनं पेटीतलं राखाडी काठाचं लुगडं काढून उन्हात टाकलं. योगिता बघत राहिली. सासूबाई गुणगुणत होत्या.

दोन दिवसांनी प्रमिलाबाई आवतण द्यायला निघाली. हातात कुंकवाचा करंडा, मागे दोन सुना. सखुबाई उंबऱ्यात साड्यांचा गठ्ठा घेऊन बसली होती. यंत्रावर भरतकाम झालं की साडीच्या उलट बाजूला धाग्यांचं जंगल राहतं, ते कातरीनं साफ करायचं हे गल्लीतल्या बायांचं घरबसल्या काम. कातर चालत होती पण कान प्रमिलाबाईच्या आवाजाकडे होते. शेजारचं दार झालं. पलीकडचं झालं. मग ती टोळी सखुबाईच्या दारात आली.

"योगिता, ये वं बाहेर!" प्रमिलाबाईनं हाक दिली. योगिता ओले हात पुसत आली. प्रमिलाबाईनं तिला हळद लावली, कुंकू लावलं. "रविवारना दिन सकायमा डॉक्टरकडे येजो हं. चुकजो नको."

मग ती सखुबाईकडे वळली. सखुबाईनं कातर खाली ठेवली.

"काय वं जीजी, गुडघा कसा शे?"

"शे तठेच शे," सखुबाई म्हणाली.

प्रमिलाबाई हसली आणि पुढच्या दाराकडे गेली.

यात तिचा काही दुष्टावा नव्हता. हळदीकुंकवाचा करंडा हातात असला की हात आपोआप सवाष्णीच्या कपाळाकडे जातो आणि विधवेपाशी आला की आपोआप मागे फिरतो. त्याला विचार करावा लागत नाही. त्यातून दिवस संक्रांतीचे. सखुबाईचा मालक होता तेव्हा तीही असाच करंडा घेऊन हिंडली होती आणि अशीच काही दारं सोडून पुढे गेली होती, त्यामुळे रागवायलाही तोंड नव्हतं. पण वाईट वाटायला तोंड लागत नाही. तिला फार वाईट वाटलं. कुंकवाचं नाही. त्याची तिला सवय झाली होती. एक दार उघडलं होतं आणि ते तिच्या नाकासमोर लागलं, याचं वाटलं.

योगिताचं वेगळंच चाललं होतं. "मी नही जाय. माले काय व्हयनं?"

"जा व माय, जा," सखुबाई इतक्या कळवळ्यानं म्हणाली की योगितानं मान वर केली.

"मंग तुम्ही बी चला ना, आत्याबाई."

"माले आवतन नही."

"अरे! चेकअप शे ते, लगन नही. डॉक्टरकडे जावाले आवतन कसाले लागस?"

"मंग तुम्ही सगळ्या आवतननी वाट काब्र देखत व्हत्यात?"

योगिता आत भांड्यांकडे वळली. सखुबाईनं आयुष्यात बोलावल्याशिवाय कुणाच्या कार्याला पाय ठेवला नव्हता. गरिबीत दिवस काढले, पण न बोलावता आली असं म्हणायची कुणाची टाप नव्हती. ती गेली असती आणि गल्लीतली एखादी नुसती नजरेनं जरी म्हणाली असती, ही कशी काय, तर सखुबाई तिथेच जमिनीत गेली असती. तिनं लुगड्याची घडी घालून ते पेटीत ठेवून दिलं.

रविवार उजाडला. सखुबाई सकाळपासून उंबऱ्यात धागे कापत बसली. गल्लीतून बाया निघाल्या आणि सखुबाईच्या हातातली कातर थांबली. कुणी काळी चंद्रकळा नेसलेली, कुणी जरीची. केसात गजरे, हातात पिशव्या. पिशव्यांतून चहाच्या गाळण्या डोकावत होत्या, कंगवे, साबणाच्या डब्या, स्टीलच्या वाट्या. सखुबाईच्या ध्यानात आलं तेव्हा तिला हसूच फुटलं. संक्रांतीच्या दिवसात करंडा घेऊन प्रमिलाबाई दारोदार हिंडली, डॉक्टरकडे या म्हणाली. बायांनी ऐकलं ते एवढंच की डॉक्टरांकडे हळदीकुंकू आहे. आणि सगळ्या जमणार तर एकमेकींना लुटायला वाण नको? गल्ली आतून तपासून घ्यायला नाही, वाण लुटायला निघाली होती.

योगिताही गेली. जाताना तिनं सासूकडे एकदा बघितलं.

गल्ली रिकामी झाली. विजेच्या तारांवर उत्तरायणातल्या पतंगांचे मांजे लोंबत होते. सखुबाईनं कातर उचलली आणि परत ठेवली. पोटात खाली कुठेतरी ओढल्यासारखं झालं. जेठाणीचा शेवटचा महिना तिला आठवला. आठवला म्हणजे वास, अंथरूण आणि जेठाणीचं एकच वाक्य, की आधी बोलले असते तर बरं झालं असतं. आज लेडी डॉक्टर दोन गल्ल्यांवर बसलेली आहे, आणि आपण आवतण नाही म्हणून इथे बसलोय. मेलो तर म्हणतील, मोठी मानाची बाई होती. मानानं मेली.

सखुबाईला स्वतःचाच राग आला. ती रागावली की तिचं डोकं फार छान चालायचं.

तिनं विचार केला. आवतण आल्याशिवाय आपण जात नाही, हे खरं. पण आवतण देणारीला आवतण कोण देतं? कुणीच नाही. जी बाई आवतण देते, तिला मात्र सगळ्यांच्या आधी तिथे हजर राहावंच लागतं. नाहीतर बोलावून स्वतः गायब म्हणून लोक तोंडात शेण घालतात. मग आपणच आवतण दिलं तर?

कुंकू तिच्या हातात शोभणार नव्हतं. पण फळीवर तिळगुळाच्या लाडवांचा डबा होता. तिळगूळ देताना कुणी कुणाचं कपाळ बघत नाही.

सखुबाईनं राखाडी काठाचं लुगडं पुन्हा काढलं, नेसली, डबा काखेत मारला आणि निघाली. पहिलं दार ताराचं. तारा परभणीकडची, नवरा बांधकामावर पडून गेला, आता ती स्वतः बांधकामावर जायची. रविवारची सुटी म्हणून ओट्यावर डोकं विंचरत बसली होती.

"तारा, तिळगूळ घे. डॉक्टरकडे मन्हं आवतन शे. चूलबंद आवतन. चाल."

चूलबंद म्हणजे घरातल्या सगळ्यांना, चूल पेटवायचं कारणच नाही. ताराच्या घरात ती एकटीच होती, पण मान तो मान.

"आवं जीजी, ते तर सवाष्णीचं हाय ना?" तारा म्हणाली. "नवरा जाऊन इतकी वर्सं झाली. आता माझं काय तपासायचंय?"

"मना मालक गया तो मन्ही पिशवी संगे लई गया का?"

तारा आधी बघतच राहिली. मग तिला असं हसू लोटलं की कंगवा हातातून गळून पडला. हसता हसता तिनं डोळे पुसले आणि वेणी अर्धवट टाकून अंबाडा बांधला. "थांब, चप्पल घालू दे."

पुढच्या दारात ताराच ते वाक्य बोलली. त्याच्या पुढच्या दारात दोघी मिळून बोलल्या. शिरपूरवाली निघाली, पारोळेवाली निघाली, कडोदऱ्याहून लेकीकडे आलेली एक म्हातारी होती तीही काठी टेकत निघाली. कुणी पांढऱ्या, कुणी विटक्या रंगाच्या लुगड्यांत, कपाळं मोकळी, तोंडात तिळगूळ. सखुबाई सगळ्यांच्या पुढे चालत होती, आणि तिचा तो दुखरा म्हणून नावाजलेला गुडघा तुरुतुरु चालला होता.

दवाखान्यात जत्रा भरली होती. डॉक्टरांच्या टेबलावर गाळण्यांचा आणि कंगव्यांचा ढीग पडला होता आणि त्याखाली कुठेतरी त्यांचा स्टेथोस्कोप गाडला गेला होता. हे हळदीकुंकू नाही, तपासणी आहे हे कळल्यावर निम्म्या बाया परत जायच्या बेतात होत्या म्हणे. पण तोवर त्यांनी पोंकवडे खाऊन टाकले होते. खाल्ल्या घरातून काम न करता उठायचं कसं? मग एकीमागून एक पडद्याआड जायला लागल्या, आणि आत फार काही भयंकर नाही हे बाहेर आलेल्या सांगायला लागल्या. प्रमिलाबाई दाराशी उभी राहून, हिला आत सोड, तिला थांबव, असा कारभार हाकत होती.

सखुबाईची फौज दारात आली आणि सगळ्या माना तिकडे वळल्या.

"जीजी, तू?" प्रमिलाबाईचा आवाज पहिल्यांदाच एवढा बारीक निघाला असेल.

"हाई मन्हं आवतन शे," सखुबाई म्हणाली आणि तिच्या हातावर लाडू ठेवला. मग तिनं डॉक्टरांच्या हातावर ठेवला. डॉक्टरांनी तो तोंडात टाकला, तिच्यामागे उभ्या असलेल्या बायांकडे बघितलं, आणि त्यांचं चावणं बंद पडलं.

"अरे रे रे," ते म्हणाले. त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. "सवारथी मला वाटते, कायतरी खूटे छे, कायतरी खूटे छे. मोठी उमरवाली, एकली बेन कोई आवीज नोती! जेला सगळ्यात जास्ती जरूर, तेलाच नाय बोलावलं आपण. माझी चूक, बेन. मीच विचारायला पायजे होतं."

प्रमिलाबाई हातातल्या लाडवाकडे बघत राहिली. मग तिनं बाकावरच्या तरण्या बायांना उठवलं. "उठा वं. जीजीसले बसू द्या."

आवतण देणारीचा मान म्हणून सखुबाईलाच आधी आत पाठवलं. पडद्याआड डॉक्टर उज्ज्वला बसली होती. चाळिशीची, केस मागे बांधलेली, सकाळपासून बोलून आवाज बसलेला.

"या जीजी, बसा. काय त्रास होतो?"

"गुडघा," सखुबाई म्हणाली.

म्हणाली आणि तिचं तिलाच रडू कोसळायची वेळ आली. एवढं सगळं करून, अर्धी गल्ली गोळा करून आणून, शेवटी जीभ पुन्हा त्याच गुडघ्यावर जाऊन बसली.

उज्ज्वला हसली नाही. तिनं पेन खाली ठेवलं. "गुडघा खांडवाला सर बघतील. माझ्यासाठी काय आणलंय?"

बाहेर बाया बोलत होत्या, ताराचं खळखळून हसणं ऐकू येत होतं. सखुबाईनं पदराचं टोक घट्ट धरलं.

"माले परत सुरू व्हयनं," ती म्हणाली. "नवरात्रपाइन."

"आणि बंद कधी झालं होतं?"

"कवयच. मालक गयात तवय."

एवढंच होतं. एवढे महिने जे घशात दगडासारखं बसलं होतं ते दोन ओळींत संपलं. उज्ज्वलाच्या कपाळावर आठीसुद्धा पडली नाही. ती म्हणाली, "बरं झालं आलात," आणि ते तिनं इतकं साधेपणानं म्हटलं की सखुबाईला तिचे पाय धरावेसे वाटले.

तपासलं, मशीननं बघितलं. मग उज्ज्वलानं तिला समजावून सांगितलं की पिशवीच्या आत एक छोटा कोंब दिसतोय. बहुतेक साधा असेल. पण तो काढायचा आणि तपासायला पाठवायचा, तोवर मी हो किंवा नाही काहीच म्हणणार नाही. चिरफाड नाही, दुर्बिणीतून निघेल. बरोबर कुणाला तरी घेऊन या.

बाहेर योगिता उभी होती. सासूचा चेहरा बघून तिला काही सांगावं लागलं नाही. मग घरी गेल्यावर जे व्हायचं ते झालं. योगिता रडली, भांडली. "साऱ्या गल्लीले आवतन देत फिरन्यात, आनि घरमा माले सांगता उनं नही? मी परकी शे का?" खरं सांगायचं तर त्या भांडणानं सखुबाईला जेवढं बरं वाटलं तेवढं कुठल्याच औषधानं वाटलं नव्हतं. लखननं कारखान्यात रजा टाकली. कोंब काढला, तपासायला गेला.

मग वाट बघायचे दिवस. सखुबाई वरून खंबीर होती, पण भाजीत मीठ दोनदा पडायला लागलं. संध्याकाळी तारा येऊन बसे, शिरपूरवाली येई. त्या आजाराबद्दल अवाक्षर काढत नसत. बसल्या बसल्या सखुबाईच्या गठ्ठ्यातल्या साड्या उचलत आणि धागे कापून देत. प्रमिलाबाई मात्र फिरकली नाही. सखुबाईनं तिच्यासाठी मनातल्या मनात एक टोमणा तयार केला होता, चांगला धारदार, आणि तो रोज घासून ठेवत होती. ज्या हातानं दार सोडून गेलीस त्या हातानं आता कुणाला बोलावशील, असा काहीसा.

रिपोर्ट आला तो डॉक्टर खांडवालांकडेच आला. सखुबाई आणि योगिता समोर बसल्या. डॉक्टरांनी वाचला, चष्मा काढला, पुसला, परत वाचला. 

"काय नथी," ते म्हणाले. "साधा कोंब होता, गेला. कॅन्सर नथी, बेन. कायच नथी."

सखुबाई तिथेच खुर्चीत बसून रडली. योगिता रडली. डॉक्टरांनी नाक शिंकरलं आणि मग एकदम आवाज चढवला. "आणि वर्षानी परत यायचं, समजलं? आणि ते गुडघ्याचं औषध बंद! चार महिना मी डोकं फोडते, हा गुडघा बरा का होत नाय!"

दुपारी सखुबाई गल्लीत परत आली तेव्हा तिच्या उंबऱ्यात प्रमिलाबाई बसलेली होती. हात रिकामे, डोक्यावर पदर. एवढ्या मोठ्या आवाजाची बाई गपगार बसली होती, हेच बघून सखुबाईला नवल वाटलं. योगितानं आनंदाची बातमी सांगितली. प्रमिलाबाईनं दोन्ही हात जोडून देवाला नमस्कार केला, सखुबाईच्या पाठीवरून हात फिरवला, आणि तरी उठली नाही. योगिता समजून आत गेली.

"जीजी," प्रमिलाबाई म्हणाली. "मन्हं चुकनं. आवतन देताना तुले वगळी दिधं."

सखुबाईचा टोमणा जिभेच्या टोकावर आला. आठवडाभर घासलेला, लखलखीत.

"आनि आखो एक शे," प्रमिलाबाई खाली बघत पुढे म्हणाली. "त्या दिन साऱ्यासले मी आतमा धाडं. मी म्हनं, मी सगळ्यासना मांगे जासू. मांगे कोनी उरनं नही, तवय मी सतरंजी गुंडाळी लिधी. मी गयीच नही. माले खाले भलतं दुखस, जीजी. वरीसपाइन दुखस. घरमा कोनलेच माहीत नही. माले भ्याव वाटस."

गल्लीत कुणाच्या तरी घरी रेडिओ लागला होता. सखुबाईनं प्रमिलाबाईकडे बघितलं. भरलं घर, नवरा, मुलगे, सुना, कपाळभर कुंकू, आणि तरी ही बाई तिच्याइतकीच एकटी बसून होती. ज्या गर्दीत लपून जायचं सखुबाईनं ठरवलं होतं, त्याच गर्दीच्या मागे ही लपली होती. टोमण्याची धार कुठे गेली कळलं नाही. सखुबाईचा जीव तिच्यासाठी गलबलून आला.

"चप्पल घाल," ती म्हणाली.

"आते?"

"आतेच. डॉक्टर बसेल शे. उज्ज्वलाबाईले फोन करी दि तो."

कोपऱ्यावर प्रमिलाबाई थांबली. उद्या जाऊ म्हणाली, नातू शाळेतून येईल म्हणाली, संध्याकाळची भाकरी म्हणाली. सखुबाईनं तिचं मनगट धरलं आणि दवाखान्याच्या पायरीपर्यंत सोडलं नाही. आत डॉक्टर टेबल आवरत होते. दोघींना बघून त्यांनी भुवया उंचावल्या.

"बोला बेन, आता कोणाला दाखवायचं?"

सखुबाईला उत्तर ठाऊक होतं, पण ती गप्प राहिली. हा शब्द दुसऱ्यानं बोलून चालत नाही, हे तिच्याइतकं कुणाला कळणार? तिनं फक्त प्रमिलाबाईच्या पाठीवर हात ठेवला.

प्रमिलाबाईनं पदर सावरला. मग तिच्या त्या नेहमीच्या, दोन गल्ल्या ओलांडणाऱ्या आवाजात ती म्हणाली, "माले."